धाकटा आणि कोबीवरची अळी

४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी धाकट्याने कोबीचं एक पान माझ्या चहाशेजारी आणून ठेवलं. "ताई, तुझे डोळे चांगले. बघ बरं हे काय आहे."

पानावर गव्हाच्या दाण्याएवढे पारदर्शक ठिपके होते. भोकं नव्हेत. खालून खरवडून खाल्लेलं आणि वरचा पापुद्रा तेवढा ठेवलेला, बारक्या खिडक्यांसारखा. भिंग लावलं तर पानाखाली हिरवी अळी, दोन्ही टोकांना निमुळती. पेन्सिलीचं टोक लावताच ती वळवळत उलटी पळाली आणि कडेवरून धाग्याला लटकून राहिली.

छपाईखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. निवृत्त होऊन धाकट्याकडे राहायला आले त्याला दोन महिने झाले. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालून मीच वाढवलं, त्यामुळे या घरात माझा शब्द खाली पडत नाही. पण भावजय मला कामाला हात लावू देत नाही. "वन्सं, तुम्ही बसा हो." बसून खाणं मला जमत नाही.

घरामागे कोबीच्या चाळीस ओळी आहेत. सगळा माल कारखान्याच्या कॅन्टीनला जायचा आहे, पहिली तोड दहा डिसेंबरला. तिथल्या भांडारवाल्याला पानावर भोक दिसलं की गड्डा परत. मी म्हटलं, अळीचं सगळं माझ्याकडे सोपव.

"तू सांगशील तसं, ताई," धाकटा म्हणाला. चार वर्षांचा असल्यापासून त्याचं हे एकच उत्तर आहे.

६ नोव्हेंबर

बसने जाऊन औषधाच्या दुकानातून बाटली आणली. दुकानदार जरा जास्तच बोलतो. म्हणे, दर पंधरा दिवसांनी एकदाच मारा, लेबलवर आहे तेवढंच मारा, आणि पुढच्या वेळी औषध बदला, नाहीतर ही अळी फार लवकर दाद देईनाशी होते. मग रबरी मोजे, तोंडाला मास्क आणि प्लॅस्टिकचा झगा काढून काउंटरवर मांडला. माल खपवायची रीत मला कळते. बाटली तेवढी घेतली.

बाटलीबरोबर घडीचं पत्रक आहे, दोन्ही बाजूंनी बारीक छापलेलं. संध्याकाळी ते तपासून काढलं. माझी पद्धत जुनीच: ओळ शेवटून सुरुवातीकडे वाचायची. सुलट वाचलं की माणूस अर्थात गुंततो आणि चूक निसटते. उलट वाचलं की शब्द सुटे पडतात, त्यातला कुठला मोडका आहे ते लगेच दिसतं. सात चुका सापडल्या. लाल पेन्सिलीने खुणा करून पत्रक वहीच्या मागच्या कप्प्यात ठेवलं. कंपनीला कळवायला हवं. असल्या निष्काळजी लोकांच्या औषधावर भरवसा तरी कसा ठेवायचा?

मात्रेचा आकडा तेवढा वेगळा उतरवून घेतला.

९ नोव्हेंबर, शनिवार

पहिली फवारणी झाली. पंप पाठीवर धाकट्याच्या, हुकूम माझा. मी बांधावर खुर्ची टाकून बसले होते. काय तो देखावा. फवारा पडेल तिथे अळ्या टपाटप खाली, प्रत्येक पानाखाली धागे लोंबतायत. "ताई, मोहीम फत्ते," धाकटा ओरडला. पाठीमागे त्याचा सदरा ओला झाला होता. पंपाच्या झाकणातून थोडं झिरपतं म्हणे, जुना आहे.

भावजयने आज मला पहिल्यांदा विचारलं, जेवायला काय करू? फार बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

त्या मेल्याच नव्हत्या. लटकल्या होत्या. माणसं पांगली की धाग्यावरून वर चढून पुन्हा खायला बसतात. तिसऱ्या ओळीत एका पानावर सोळा मोजल्या. दुकानदाराने पाणी मिसळून दिलं असणार.

ठरवलं: मंगळवार आणि शनिवार, आणि मात्रा दीडपट. पंधरा दिवस थांबायला आमच्याकडे वेळ नाही.

१४ नोव्हेंबर

संध्याकाळी पतंग पाहिले. नखाएवढे, राखाडी. पंख मिटून बसले की पाठीवर फिकट चौकटी उमटतात, एकाखाली एक तीन. नावं ठेवायला जागा नाही इतकं नीटनेटकं काम. पण हे पानाच्या पोटाशी अंडी घालतात. अंड्यातली अळी आधी पानाच्या आत शिरते, तिथे कुठलाच फवारा पोचत नाही. बाहेर येते, खिडक्या पाडते, मग जाळीदार पिशवी विणून आत झोपते आणि पतंग होऊन उठते. तीन आठवड्यांत नवी पिढी. इतक्या वेळात छपाईखान्यात एक पुस्तकसुद्धा धड व्हायचं नाही.

धाकट्याचं डोकं दुखतंय. उन्हात टोपी घालत नाही.

१७ नोव्हेंबर

मोठा शोध लागला. पानांवर, कुरतडलेल्या जागेजवळ, पांढरे रेशमी दाणे आहेत, तांदळाच्या कणीएवढे. पतंगाच्या जाळीदार पिशवीसारखे नाहीत, घट्ट आहेत. ही अंड्यांची पोतडी असणार. दिवसभर चिमट्याने वेचले. दोनशे चौदा भरले. गरम पाणी ओतून नाश केला. भावजयही दुपारी वेचायला आली. आम्ही दोघी एका ओळीत वाकून काम करत होतो आणि ती तिच्या माहेरच्या गमती सांगत होती. आपण या घरातले झालो असं मला वाटलं. वाटलं ते लिहिते.

२० नोव्हेंबर

धाकट्याला पेपरातली अक्षरं पुसट दिसतात. मी म्हटलं, वय झालं बाबा, चाळिशीचा चष्मा घे. माझा लावून पाहिला तर म्हणे, यातूनही धुकंच. काल फवारणीनंतर जेवणावर बसला आणि तसाच उठला, मळमळतंय म्हणाला. भावजयच्या हातचं त्याला हल्ली गोड लागत नाही की काय? मी हे तिला बोलले नाही.

पांढरे दाणे: आज फक्त एकतीस. कमी होतायत. अळ्या मात्र वाढल्या. ही संगती लागत नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

फवारणी. अळ्या आता लटकायचीही तसदी घेत नाहीत. फवारा अंगावर पडतो आणि ह्या खात राहतात. नोकरीत मुरलेला कारकून साहेबाच्या ओरडण्याकडे पाहतो, तशा.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

दुसऱ्या दुकानातून दुसरं औषध आणलं, जास्त उग्र. दोन्ही एकत्र कालवून मारायचं ठरवलं. झाकण उघडलं तरी डोळ्यांना झोंबतं. धाकट्याने काठीने ढवळलं. काठी सापडेना तेव्हा हाताने ढवळलं.

संपूर्ण दिवस तो थुंकत होता. तोंडाला सारखं पाणी सुटतं म्हणे. मी विचारलं, डोहाळे लागले का? भावजय हसली नाही. रात्री त्याची उशी लाळेने भिजते, असं तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. लहानपणीही भिजायची. मीच अभ्रे धुवायची, मला काय नवीन.

त्याच्या डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी झाली आहे, ऐन सावलीतसुद्धा. बारीकसारीक टिपायची माझी सवय, म्हणून टिपून ठेवते.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज घरात वाजलं.

फवारणी झाल्यावर धाकटा मागच्या पायरीवर बसला. घामाने निथळत होता, आणि सकाळी तर गारठा होता. भावजय माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

"वन्सं, ह्यांना थांबवा."

"कशाबद्दल?"

"ह्यांना चार वेळा संडासला जावं लागलं. काल गडूत पाणी भरताना हात थरथरत होता. मी सांगितलं तर म्हणतात, ताईने दिवस ठरवलेत. तुम्ही नको म्हटलंत तर ते थांबतील. माझ्या सांगण्याने थांबायचे नाहीत."

"अगं, दहा दिवस राहिलेत तोडीला. आत्ता सोडलं तर दोन महिन्यांची मेहनत अळीच्या घशात जाईल."

"जाऊ दे की गेली तर."

"डॉक्टरला दाखव मग. पोट बिघडलं असेल."

"दाखवलं. त्याने पोटाच्या गोळ्या दिल्या. तुम्ही कोबीला काय मारता हे त्याने विचारलं नाही, आणि ह्यांनी सांगितलं नाही."

मला राग आला होता, खोटं कशाला लिहू. कोबी राखला तर या घरात मला जागा आहे. कोबी गेला तर मी पुन्हा 'वन्सं, तुम्ही बसा' होणार. तिला हे कळायचं नाही.

दहा तारखेनंतर धाकट्याला आठ दिवस विश्रांती देईन. तसं तिला सांगितलं. ती दार उघडंच टाकून गेली.

३ डिसेंबर, मंगळवार

आता दर तिसऱ्या दिवशी. आजनंतर सहा, मग नऊ. धाकटा उपाशीपोटीच गेला, खाल्लं की उलटतं म्हणे. त्याची डावी पापणी सकाळपासून फडफडते आहे, थांबतच नाही, आणि दंडाचं मांस कातडीखाली आपोआप उडतं. मी गमतीत म्हटलं, तुझ्याच अंगात अळी शिरली की रे.

तो हसला, पण उशिराने हसला, मी काय बोलले ते जुळवायला त्याला वेळ लागला असावा.

५ डिसेंबर

पांढऱ्या दाण्यांतले पाच मी गंमत म्हणून काचेच्या बाटलीत ठेवले होते. आज बाटलीत तीन काळी चिलटं होती, लांब मिशांची. झाकण घट्ट असताना आत कुठून शिरली कोण जाणे. बाटली धुऊन टाकली.

शेतात एकही माशी दिसत नाही, कोळीसुद्धा नाही. पक्षी उतरत नाहीत. फक्त संध्याकाळी पानांवरून पतंग उठतात, हात फिरवला की धुरळा उठावा तसे.

६ डिसेंबर

सकाळी साडेआठला सुरुवात. वारा उलटा होता, फवारा त्याच्याच तोंडावर येत होता. मी खुर्चीवरून ओरडले, तोंड फिरव. सहाव्या ओळीत तो थांबला, गुडघ्यावर बसला. मला वाटलं नोझल तुंबलं. मग तो आडवा झाला. पंप पाठीवर तसाच, त्यातलं सगळं त्याच्या मानेवर

७ डिसेंबर

काल इस्पितळाच्या बाकावर लिहीत होते, वाक्य अर्धंच राहिलं. भावजयने हाक मारली आणि मी गेले.

धाकटा मोठ्या इस्पितळात आहे. तोंडातून फेस, श्वास घरघर, कपडे खराब झालेले. नर्सने कपडे कात्रीने कापून पिशवीत बांधले आणि त्याला साबणाने डोक्यापासून धुतलं. औषध कुठलं म्हणून विचारलं. मला नाव आठवेना. हो, मला. वहीच्या कप्प्यातून पत्रक काढून दिलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. लाल खुणांकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही एवढं बारकाईने वाचलंय हे?"

मी हो म्हटलं.

"मग मागची बाजू?"

मागच्या बाजूला लाल चौकट आहे. त्यातल्या दोन चुका मी दुरुस्त केल्या आहेत. आज ती चौकट पहिल्यांदा सुलट वाचली. डोकेदुखी. अंधुक दिसणे. मळमळ. तोंडाला पाणी सुटणे. बाहुली बारीक होणे. घाम. जुलाब. स्नायू फडफडणे. अशी लक्षणे दिसताच फवारणी ताबडतोब थांबवावी.

"कधीपासून त्रास होतोय त्यांना?" बाईंनी भावजयला विचारलं. "तारखा आठवतील? प्रत्येक वेळी थोडं थोडं अंगात साठत गेलं असणार. कधी सुरू झालं ते कळलं तर बरं."

भावजय माझ्याकडे बघत होती. वही माझ्या मांडीवर होती. मी उघडली आणि वाचायला लागले. चौदा नोव्हेंबर, डोकं दुखतंय. वीस, अक्षरं पुसट, मळमळ. सव्वीस, थुंकी, उशी, बाहुली मोहरीएवढी. तीस, घाम, जुलाब, हात थरथरतो. तीन डिसेंबर, पापणी, दंड. डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. एकदा त्यांनी हात थांबवला आणि म्हणाल्या, इतकी व्यवस्थित नोंद आमच्याकडेसुद्धा नसते.

वाचून झाल्यावर भावजय हळू आवाजात बोलली. "तुम्हाला सगळं दिसत होतं, वन्सं."

चौतीस वर्षांत माझ्या कामावर कुणी याहून खरं बोललेलं नाही.

९ डिसेंबर

काल बरा वाटत होता. डोळे उघडले, भावजयचा हात धरला. आज सकाळी उशीवरून मान उचलता येईना. दुपारी श्वास पुरेना. घशात नळी घालून यंत्र लावलं आहे. असं कधीकधी मागाहून होतं, बाई म्हणाल्या. बरं होतं का, असं विचारलं तर म्हणाल्या, बहुतेकदा.

वहीच्या पानांच्या झेरॉक्स काढून त्यांनी केसपेपरला जोडल्या आहेत. माझं अक्षर तिथे आता कायमचं राहील.

मला फार भीती वाटते. त्याच्या आजारपणात लहानपणी उशाशी बसायचे तशी आजही बसले होते. भावजय म्हणाली, "तुम्ही घरी जा. मी आहे." मी घरी आले.

१२ डिसेंबर

यंत्र अजून आहे. भांडारवाल्याचा माणूस टेम्पो घेऊन आला. भावजयने इस्पितळातून फोनवर सांगून ठेवलं होतं: "तो कोबी कुणाच्या पोटात जाता कामा नये. एक गड्डासुद्धा." मी त्याला परत पाठवला.

शेताकडे खिडकीतून पाहिलं. पानांच्या नुसत्या शिरा उरल्या आहेत.

१७ डिसेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी यंत्र काढलं. तो स्वतः श्वास घेतोय. पाण्याचा घोट गिळला. मी बाहेरच्या बाकावर बसून खूप रडले, शेजारच्या अनोळखी बाईने पाठ थोपटली.

घरी येऊन नकळत शेतात गेले. अकरा दिवस पंप बंद आहे. पानांवर पांढरे दाणे आले आहेत, थोडेच. भिंग लावलं. प्रत्येक दाण्याशेजारी अळीची रिकामी, वाळलेली कातडी. एका दाण्याचं टोक गोल कापून तेच काळं चिलट बाहेर येत होतं. ते पंख सुकवत बसलं, मग उडालं आणि पुढच्या पानावरच्या अळीच्या पाठीवर उतरलं. क्षणभर टोचलं आणि दुसरीकडे गेलं.

ते अळीच्या आत वाढतं. अळी खाऊन बाहेर येतं आणि पांढरा दाणा विणतं. मी पतंगाची अंडी म्हणून उकळून मारली ती ही. जी राहिली ती फवाऱ्याने मेली. आणि औषधाला पुरून उरणाऱ्या अळ्या तेवढ्या मी दर मंगळवारी आणि शनिवारी निवडून निवडून वाढवल्या.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं लिहिणार होते. दुकानदाराने अर्धं सांगितलं होतं. उरलेलं मी धुऊन टाकलेल्या काचेच्या बाटलीत होतं.

२४ डिसेंबर, मंगळवार

धाकटा घरी आला. वजन उतरलंय. तळपायांना मुंग्या येतात, चालताना पंजा खाली लोंबतो. पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो. मज्जातंतूंना इजा झाली असावी, महिने लागतील, कदाचित पूर्ण भरून येणार नाही, असं बाईंनी सांगितलं आहे.

त्याला खिडकीजवळ खुर्चीत बसवलं. भावजयने इस्पितळाचा कागद माझ्या हातात दिला आणि समोर बसली.

"मोठ्याने वाचा, वन्सं. सावकाश. पहिल्या ओळीपासून."

मी वाचला. एके ठिकाणी अक्षर चुकलं होतं, माझी नजर तिथे अडखळली, तरी पुढे गेले. गोळ्या कधी, व्यायाम कोणता, पुन्हा कधी दाखवायचं. शेवटची ओळ: रुग्णाने कीटकनाशकांच्या जवळपासही जाऊ नये. ती मी भरभर उरकली. भावजय थांबून राहिली. मी पुन्हा वाचली.

धाकटा इतका वेळ बाहेर कोबीकडे पाहत होता. सावकाश मान वळवून त्याने विचारलं, "ताई, आज मंगळवार ना?"

"हो."

"मग फवारणी?"

"नाही. आता फवारणी नाही. तू पंपाला हात लावायचा नाहीस."

तो थोडा विचारात पडला. पापणी अजून मधूनच उडते.

"तू सांगशील तसं, ताई," तो म्हणाला.

भावजयने माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि ती आत निघून गेली.